हजारावी पौर्णिमा, ग्रहण आणि मिरजेच्या मावशी: एका सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याचं नियोजन

सोहळ्यांच्या नियोजनात लग्न-मुंजीची कामं जास्त असतात आणि त्यांची घडी बसलेली असते. सहस्रचंद्रदर्शनाचं तसं नाही. इथे पैसे देणारे एक असतात आणि ज्यांच्यासाठी सगळं करायचं ते दुसरेच असतात. या दोघांच्या मनात एकच सोहळा असेल, असं गृहीत धरून चालत नाही. पुण्यात २०२३च्या कोजागरीला आम्ही केलेलं एक काम या दृष्टीने सविस्तर लिहिण्यासारखं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उत्सवमूर्तींना घरात सगळे माई म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन.

काम घेऊन आले ते माईंचे थोरले चिरंजीव. धाकटी बहीण परदेशात, तिची आणि नातवंडांची तिकिटं काढून झालेली. त्यांच्या मनातला कार्यक्रम असा: संध्याकाळी मोठं कार्यालय, जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, माईंच्या आयुष्यावर चित्रफीत, वीस-पंचवीस जणांची मनोगतं, तुला, ८१ दिव्यांनी औक्षण, मग जेवण आणि शेवटी मसाला दूध. शिवाय एक गुपित. माईंच्या मावशी, म्हणजे त्यांच्या आईची सगळ्यांत धाकटी बहीण, नव्वदीच्या, मिरजेला असतात. त्यांना अचानक स्टेजवर आणून माईंना चकित करायचं.

हेतू प्रेमाचाच होता. पण ऐंशी ओलांडलेल्या बाईंना चार तास स्टेजवरच्या खुर्चीत बसवून ठेवणारा हा कार्यक्रम होता.

तारीख कशी ठरली

माईंचा जन्म जानेवारी १९४३चा, शके १८६४, पौष शुद्ध पक्षातला. साधारणपणे ८० वर्षं आणि आठ-दहा महिने झाले की हजार पौर्णिमा पूर्ण होतात. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस जातात, त्यामुळे हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस लागतात. बहुतेक घरी एवढ्या ढोबळ हिशेबावर सोयीची सुट्टी पाहून तारीख ठरवतात आणि त्यात काही बिघडत नाही. माईंच्या नातवाने मात्र बसून मोजणी केली. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा २१ जानेवारी १९४३ची, पौषातली. तिथून २०२३च्या पौषापर्यंत ८० चांद्रवर्षं, म्हणजे ९६० महिने. त्यात मधले क्षयमास, म्हणजे पंचांगातून गळलेले महिने, वजा जाता अधिक महिने २९. झाले ९८९. पहिली पौर्णिमा धरून २०२३ची पौष पौर्णिमा ९९०वी. पुढे आश्विनापर्यंत नऊ महिने, आणि त्या वर्षी अधिक श्रावण आला होता तो एक, असे दहा. कोजागरी बरोबर हजारावी.

मी तो कागद पुन्हा तपासला. हिशेब चोख होता. माई भावंडांत थोरल्या. आपल्याकडे कोजागरीला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, त्यामुळे त्या घरात ही पौर्णिमा पहिल्यापासून माईंचीच होती. तारीख हलवायला कुणीच तयार नव्हतं आणि मलाही ती हलवावीशी वाटली नाही.

अडचण पंचांगात होती. त्या कोजागरीच्या रात्री, २८ ऑक्टोबर उलटून २९ तारीख लागल्यावर, खंडग्रास चंद्रग्रहण होतं. स्पर्श रात्री १ वाजून ५ मिनिटांनी, मोक्ष अडीचच्या आत. सावलीत जाणारा भाग चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जेमतेम १२ टक्के, पण ग्रहण भारतातून दिसणार होतं, म्हणजे पाळणाऱ्यांसाठी वेध आलेच. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी लागतात. याचा अर्थ दुपारच्या चहाच्या वेळेपासून पाळणाऱ्यांचं खाणंपिणं बंद, आणि आमचं जेवण ठरलं होतं रात्री साडेआठला.

घरात लगेच दोन तट पडले. धाकट्या लेकीचं म्हणणं, रात्री एकच्या सावलीसाठी संध्याकाळी सातला उपाशी राहायचं कशासाठी. थोरल्या सूनबाई वेध पाळतात, त्यांच्या माहेरची माणसंही पाळतात. दोघी एकमेकींना मान देणाऱ्या, त्यामुळे भांडण झालं नाही. नुसती कुचंबणा झाली, आणि ती भांडणापेक्षा अवघड असते. प्रत्येक जण मला बाजूला घेऊन आपलं म्हणणं सांगायचा आणि ‘तिच्यासमोर बोलू नका’ असं वर बजावायचा.

अशा वेळी कोण बरोबर हे ठरवायला आयोजकाने जाऊच नये. दोन्ही प्रकारची माणसं एकाच छताखाली संकोच न वाटता वावरतील अशी वेळ आणि मांडणी शोधायची, एवढंच आपल्या हातात असतं. आणि त्याआधी उत्सवमूर्तींना विचारायचं. तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

माईंशी बोलणं

मुलासुनेला सांगून मी माईंना एकटीच भेटले. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, ऐकू चांगलं येतं. ग्रहणाचं विचारलं तर म्हणाल्या, “अगं, ग्रहण रात्री एकला. मी नऊला झोपते. ज्याला पाळायचंय त्याला पाळू दे, पण पोरांना उपाशी ठेवू नका.”

मग हळूहळू बाकीचं निघालं. तुलेला त्यांची ना नव्हती, पण गूळ-साखरेची नको, वह्यांची करा, आणि त्या वह्या त्यांच्या जुन्या शाळेला द्या. वजन माइकवरून सांगायचं नाही. आणि चंद्र पाहायचा तो सोसायटीच्या गच्चीवरूनच. कोजागरी त्यांनी वर्षानुवर्षं तिथेच केली होती. गुडघे गेल्यापासून वर जाणं थांबलं होतं, कारण लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते आणि पुढे एक जिना आहे.

शेवटी, उठता उठता, म्हणाल्या, “आई गेल्यापासून कोजागरीला मला ओवाळायला मोठं असं कुणी नाही. मावशी आहे मिरजेला. पण तिला कुठे एवढ्या लांब आणणार.”

ज्या गोष्टीचं गुपित ठेवलं होतं तीच त्या मागत होत्या. बाहेर आल्यावर मी मुलाला सरळ सांगितलं की हे गुपित फोडा. वयस्कर माणसांना जाहीर धक्का देण्याच्या मी विरुद्ध आहे, मग तो कितीही आनंदाचा असो. रक्तदाबाचा प्रश्न आहेच. दुसरं असं की नव्वदीच्या मावशींची तब्येत आयत्या वेळी बिघडली तर न सांगता सगळं निभावता येईल हा हिशेब आपल्या सोयीचा असतो, त्यांच्या नाही. आणि या वयात वाट पाहण्यातही सुख असतं. कोण येणार, कुठे झोपणार, काय नेसायचं, काय करून ठेवायचं. अचानक भेट घडवून आपण ते सगळे दिवस त्यांच्याकडून काढून घेतो. मुलाला हे पटायला वेळ लागला. दसऱ्याच्या दिवशी, २४ तारखेला, सोनं देताना त्याने आईला सांगितलं. तेव्हापासून मिरजेला रोज दोनदा फोन जायला लागला.

बदललेला आराखडा

सोहळा आम्ही दोन भागांत तोडला. सकाळी कार्यालयात शांत (होमाचा विधी), तुला, सत्कार आणि दुपारचं जेवण. संध्याकाळी गच्चीवर फक्त घरची माणसं, औक्षण आणि चंद्रदर्शन. दुपारची पंगत वेध लागायच्या आत आटोपणार होती, त्यामुळे पाळणारे आणि न पाळणारे एकाच पंक्तीला बसणार होते. एवढ्या एका बदलाने घरातला ताण निम्मा झाला.

कार्यालय मिळायला त्रास पडला नाही. चातुर्मासात लग्नं नसतात, तुळशीच्या लग्नापर्यंत कार्यालयं बरीच मोकळी असतात आणि अर्ध्या दिवसाचं भाडंही बोलून ठरवता येतं. ज्यांना अशा कामासाठी ऑक्टोबर मिळतो त्यांनी याचा फायदा जरूर घ्यावा. दसरा झाल्यावर झेंडूही आवाक्यात येतो. सजावटीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. झेंडू, आंब्याची पानं, दोन समया आणि माईंच्या शाळेतले जुने फोटो, एवढंच होतं.

गुरुजींशी आधी बसून बोलणं फार गरजेचं असतं. पूर्ण शांतीला यजमानाने पाटावर तीन-साडेतीन तास बसणं धरलेलं असतं. आमच्या गुरुजींनी स्वतःच मार्ग काढला. संकल्पाला आणि पूर्णाहुतीला माई, मधल्या वेळात मुलगा आणि सून. माईंसाठी पाटाऐवजी हाताची खुर्ची, होमकुंड खिडकीजवळ, म्हणजे धूर बाहेर जाईल. चांदीची चंद्रप्रतिमा पूजेत असतेच. संध्याकाळी ढग आले तर तीच गच्चीवर ठेवून औक्षण करायचं, हेही त्यांनीच सुचवलं.

दुधाचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. चंद्राला नैवेद्य दाखवायचा आणि पाळणाऱ्यांनी प्रसाद म्हणून पळीभर घ्यायचं. मुलं, म्हातारी, आजारी माणसं यांना वेधाचे नियम तसेही सैल असतात. मी दुधाचं प्रमाण एकदम खाली आणलं. कोजागरीला दुधाचा भाव चढतोच, आणि नेहमीच्या अंदाजाने आटवलेलं दूध त्या रात्री उरलं असतं तर पाळणाऱ्या घरात त्याचं पुढे काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहिला असता. गच्चीच्या एका कोपऱ्यात झाकलेल्या डब्यांतून चिवडा, लाडू, सँडविच ठेवली. कुणी कुणाला आग्रह करायचा नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं. सूनबाई स्वतः पाळत होत्या, तरी ते डबे त्यांनीच भरले.

वाद्यवृंद रद्द झाला. मनोगतं पाचांवर आणली: एक भाऊ, एक माजी विद्यार्थिनी, एक शेजारी, लेक आणि नातू. ज्यांची नावं गळली त्यांना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकाकडून आधीच एकेक पान लिहून घेतलं आणि त्याचं साधं बांधलेलं पुस्तक माईंच्या हातात दिलं. स्टेजवरचं भाषण हवेत विरतं, लिहिलेलं पान माई पुन्हा पुन्हा वाचू शकतात. हा बदल मी आता प्रत्येक अशा कामात सुचवते.

तुला

टांगलेल्या तराजूत बसवून केलेली तुला फोटोत छान दिसते. पण एक पारडं जमिनीवरून उचलतं, हेलकावा बसतो, आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्यातून उतरवणं धोक्याचं असतं. आम्ही धान्याच्या दुकानात असतो तसा जमिनीवरचा वजनकाटा आणला. खुर्ची ठेवून काटा शून्यावर घेतला, माईंना बसवलं. आकड्याच्या बाजूला फक्त नातू उभा होता. त्याने वजन एका चिठ्ठीवर लिहून वह्या मोजणाऱ्याला दिलं. मग शेजारच्या दुसऱ्या काट्यावर गठ्ठे चढत गेले आणि काटा जुळल्यावर सनई वाजली. आकडा कुणाला कळला नाही. जमलेल्यांना त्याची गरजही वाटली नाही, कारण सगळ्यांचं लक्ष वह्यांकडे होतं.

वह्या कुठल्या घ्यायच्या हे आधी मुख्याध्यापकांना विचारलं होतं. मुलाच्या डोक्यात दोनशेपानी जाड वह्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं जोडून आली आहेत. त्यांना लहान वर्गांसाठी चौरेघी आणि चौकटी वह्या हव्या होत्या, आणि त्याहून जास्त गरज चित्रकलेच्या वह्यांची होती. दान घेणाऱ्याला आधी विचारणं हे सोहळ्याच्या नियोजनातच धरायला हवं. नाहीतर दिलेल्या वस्तू कपाटात पडून राहतात आणि देणाऱ्याला ते कधी कळतही नाही. निमंत्रणात ‘आहेर आणू नये’ याखाली एक ओळ घातली होती की इच्छा असल्यास चित्रकलेची वही आणावी. तुला होऊन वर बरेच गठ्ठे उरले.

जेवणाबद्दल थोडक्यात. बुफे ठेवला नाही, टेबलखुर्चीवर पंगत वाढली. आलेल्यांत सत्तरीपुढचे इतके होते की हातात ताट धरून उभ्याने जेवणं शक्यच नव्हतं. मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, पुरी, पंचामृत, मठ्ठा, जिलेबी. ज्येष्ठांच्या टेबलावर मऊ वरणभात आणि कमी तिखटाची भाजी न मागता आधी वाढायची, असं वाढप्यांना बजावलं होतं. शेवटची पंगत दोनच्या आत उठली.

गच्ची

सगळ्यांत जास्त विचार या भागावर खर्च झाला. चार माणसांनी खुर्ची उचलून माईंना वर नेता आलं असतं, पण उचलून नेलेलं त्यांना आवडणार नाही हे दिसत होतं. वैद्यकीय साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे पट्ट्यावर जिना चढणारी खुर्ची मिळते. ती आणि ती चालवणारे दोन मदतनीस, त्यांतली एक बाई, असं ठरवलं. आदल्या दिवशी आधी नातवाला बसवून चढवलं, मग खुद्द माईंना. सरावाच्या वेळी वळणावर त्यांनी कठडा घट्ट धरला, म्हणून तिथे थांबून, बोलून, मग पुढे न्यायचं ठरलं. हा सराव झाला नसता तर ती भीती चाळीस माणसांसमोर आली असती.

शेवटच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी आपलं स्वच्छतागृह माई आणि मावशींसाठी मोकळं ठेवलं. ही गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे. वयस्कर माणसं समारंभात पाणी पीत नाहीत, कारण जवळ जागा नसते. ती सोय आधी सांगितली की ती निवांत बसतात.

मावशींना आदल्या दिवशीच मोटारीने आणलं. कराड आणि सातारा अशा दोन ठिकाणी थांबे, सोबत भाची. आल्यावर थेट माईंच्या खोलीत, त्यांच्याच पलंगाशेजारी त्यांचं अंथरूण. भेट घरात झाली, ना कॅमेरा ना माइक. आम्ही कुणी तिथे नव्हतो.

८१ दिव्यांचं ताम्हण हातात धरून ओवाळणं नव्वदीच्या हातांना झेपणारं नव्हतं, आणि एवढी आच माईंच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याजवळ नको होती. आचाऱ्यांच्या बायकांनी कणकेत हळद घालून घट्ट मळून ८१ दिवे केले, ते उकडून घेतले, म्हणजे तूप झिरपत नाही, आणि ओल्या फडक्याखाली झाकून वर आणले. उघडे ठेवले तर वाऱ्याने तडे जातात. मोठ्या परातीत तांदूळ पसरून त्यावर दिवे मांडले, परात माईंसमोर टेबलावर, तीन बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा. फुलवाती तुपात आधीच भिजवल्या होत्या. नातवंडांनी दोन-दोन दिवे लावले. मावशींच्या हातात फक्त एक छोटं तबक, दोन निरांजनं, सुपारी, अंगठी, अक्षता.

चंद्र त्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास उगवणार होता, पूर्वेच्या किंचित उत्तरेला. समोरच्या इमारतीमागून तो वर यायला वेळ लागणार हे धरून खुर्च्यांची तोंडं आणि वेळ ठरवली होती. साडेसहानंतर तो इमारतीच्या टाकीवरून वर आला. मावशींनी ओवाळलं आणि माईंना त्यांच्या बालपणीच्या नावाने हाक मारली. ते नाव नातवंडांनी पहिल्यांदाच ऐकलं आणि मग रात्रभर तेच चालवलं. साडेसातच्या सुमाराला चंद्राच्या खाली गुरू दिसू लागला. नातवाने दुर्बीण आणली होती, त्यातून मावशींनी गुरू पाहिला, आणि स्वतः वेध पाळणाऱ्या मावशींनीच त्याच्या चंद्रांबद्दल बारीक बारीक प्रश्न विचारले. दूध पळीभर घेणारे होते, दोन पेले पिणारेही होते. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. नऊच्या आत माई खाली गेल्या होत्या.

नंतरचं

खर्च मूळ अंदाजापेक्षा कमी झाला. वाद्यवृंद, मोठा रंगमंच आणि रात्रीचं जेवण गेलं, त्यातून जिन्याची खुर्ची, मदतनीस, मोटार आणि पुस्तकाची छपाई सहज निघाली. मावशी तीन-चार दिवस राहिल्या आणि विश्रांती घेऊन परतल्या. दिवाळीची सुट्टी तोंडावर असल्याने वह्या लगेच पोहोचवल्या नाहीत. शाळा पुन्हा उघडल्यावर मुख्याध्यापकांशी वेळ ठरवून माई स्वतः गाडीतून गेल्या आणि वर्गावर्गांत त्यांच्या हातून वाटप झालं. चित्रकलेच्या उरलेल्या गठ्ठ्यांपैकी काही शेजारच्या वस्तीशाळेला द्यावेत असं मुख्याध्यापकांनी सुचवलं, तसे ते दिले.

त्या घरातून आता मिरजेच्या मावशींच्या पुढच्या वाढदिवसाची विचारणा आली आहे. मी आधी मावशींशी फोनवर बोलायची वेळ मागितली आहे.